‘तिला आता सवय झाली आहे’: आई-बाबांची भांडणं आणि घरातली किशोरवयीन मुलं

अर्धविराम

मी किशोरवयीन मुलांबरोबर समुपदेशक म्हणून काम करते. मुलं माझ्याकडे येतात ती बहुतेकदा दुसऱ्याच कारणाने. मार्क घसरलेत, वर्गात मारामारी झाली, पोट दुखतं पण तपासण्यांत काही निघत नाही, रात्र रात्र जागरण. ओळख जरा मुरली, विश्वास बसला, की मग घरातल्या भांडणांचा विषय निघतो. पालकांना बोलावून तो काढला, तर एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘आमचं काय, चालूच असतं. तिला आता सवय झाली आहे.’

या वाक्यासाठी हा धागा काढते आहे, कारण अशी सवय होत नाही. घरात वारंवार भांडणं पाहिलेली मुलं पुढच्या भांडणाला कमी नव्हे, जास्त तीव्र प्रतिक्रिया देतात, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलं आहे. मूल वरून शांत दिसतं, पण आतून सतत कानोसा घेत असतं.

एक मुलगी (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) रात्री अभ्यासाला बसताना हेडफोन एकाच कानात घालायची. दुसरा कान बाहेरच्या खोलीसाठी मोकळा. कपाटाचं दार नेहमीसारखं लागलं की आपटलं, हे तिला नेमकं कळायचं. ‘बाबा नुसतं ठीक आहे म्हणाले तर अजून वेळ असतो. बरं बाई, तुझंच खरं म्हणाले की मी उठते,’ असं तिने मला सांगितलं. उठून ती बाहेर जायची आणि वडिलांना गणितातली शंका विचारायची. ती शंका खोटी असायची, गणित तिला येत असायचं. आई-वडिलांना मात्र वाटत होतं की मुलगी हेडफोन लावून तिच्या विश्वात असते, तिला ऐकूही जात नाही.

मार्क कमिंग्ज आणि पॅट्रिक डेव्हिस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली ‘भावनिक सुरक्षितते’चा सिद्धांत मांडला. त्याचा गाभा असा की, भांडण ऐकताना आई बरोबर की बाबा बरोबर हा मुलाचा मुख्य प्रश्न नसतोच. ज्या नात्यावर माझं सगळं उभं आहे ते टिकणार आहे का, हा असतो. त्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही तोवर मूल स्वतःच काहीतरी करून सुरक्षितता मिळवू बघतं. कोणी मध्ये पडतं, कोणी खोलीचं दार लावून घेतं, कोणी घराबाहेरच राहायला लागतं.

किशोरवयात हे जास्त अवघड होतं, कारण लहान मुलाला नुसता आवाज कळतो, पंधरा वर्षांच्या मुलाला आशयही कळतो. पैशांचा हिशोब कळतो, टोमणा कळतो, संशय कळतो. शिवाय आपण मध्ये पडू शकतो एवढी ताकद आता अंगात आहे असंही वाटतं. भावनांना आवर घालणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात १० ते १९ वयातल्या दर सात मुलांपैकी एकाला कुठला ना कुठला मानसिक विकार असतो. हे सगळं पालकांच्या भांडणांमुळे होतं असं मी अजिबात म्हणत नाही. आनुवंशिकता, शाळेतली दादागिरी, आर्थिक ओढाताण, कितीतरी कारणं आहेत. पण पालकांना ज्यावर स्वतः काही करता येतं अशा मोजक्या गोष्टींत ही एक आहे.

तुमचे अनुभव, शंका, मतभेद, सगळं मोकळेपणाने लिहा.

जुनाजाणता

विषय महत्त्वाचा आहे, पण मला हे थोडं एकांगी वाटलं. दोन माणसं एका छताखाली राहिली की भांड्याला भांडं लागणारच. आमचे आई-वडील भांडायचे, आम्ही भांडलो, आमची मुलंही आता भांडतात. सगळे धडपणे जगलो. प्रत्येक वादानंतर पालकांनी ‘आपण मुलाच्या मनाचं वाटोळं केलं’ असं मनाला लावून घ्यायचं का? संसारात मतभेद असतात हे मुलांनी बघू नये, तर मग ती शिकणार कुठे?

अर्धविराम

जुनाजाणता, तुमच्या शेवटच्या प्रश्नाशी मी सहमत आहे, आणि अभ्यासही तुमच्याच बाजूने आहे. कमिंग्ज यांनी प्रयोगशाळेत मुलांना मोठ्या माणसांच्या वादाचे प्रसंग दाखवले. काही वाद पूर्ण मिटत होते, काही अर्धवट मिटत होते, काही तसेच न मिटता सुटत होते. मिटलेला वाद पाहिल्यावर मुलांची अस्वस्थता बरीच उतरली. अर्धवट मिटलेल्या वादाने थोडी उतरली. न मिटलेल्या वादात ती तशीच राहिली. म्हणजे वाद किती जोरात झाला याच्याइतकंच तो कसा संपला यालाही महत्त्व आहे.

त्यामुळे सुट्टीत कुठे जायचं यावरून तावातावाने वाद झाला आणि संध्याकाळी दोघं हसत बोलत होते, या घराबद्दल मी लिहीत नाहीये. त्या घरातलं मूल उपयोगाचंच काहीतरी शिकतं. मी लिहिते आहे ते पुन्हा पुन्हा होणाऱ्या, एकमेकांचा अपमान करणाऱ्या, कधीच न मिटणाऱ्या भांडणांबद्दल. त्यातही भांडणाचा विषय मूल स्वतः असेल तर जास्तच.

कवडसा

आमच्या घरात कधीच आवाज चढला नाही. लिहायचं धाडस करते आहे ते म्हणूनच, कारण भांडण म्हटलं की सगळ्यांना आरडाओरडा आठवतो.

आई-बाबांचा अबोला चालायचा. सुरू कशावरून झाला ते कधी कळायचं नाही आणि संपला तरी कळायचं नाही. तिघं एकाच खोलीत बसलेलो असायचो. आई मला म्हणायची, ‘बाबांना सांग, उद्या मला गाडी लागणार आहे.’ बाबा मला म्हणायचे, ‘तिला सांग, किल्ली जागेवर आहे.’ दोघांनाही एकमेकांचं स्पष्ट ऐकू आलेलं असायचं. तरी मी मान वळवून प्रत्येक वाक्य पुन्हा म्हणायचे. पुढे पुढे मी त्यात बदल करायला लागले. आईच्या आवाजातली धार काढून टाकायची आणि तेच वाक्य जरा गोड करून बाबांना द्यायचं. तेव्हा मी आठवीत होते. कोणी शिकवलं नव्हतं.

बाहेरचे लोक म्हणायचे, किती शांत घर आहे.

आता माझं लग्न होऊन बरीच वर्षं झाली. नवरा समजूतदार आहे. तरी तो कामाच्या विचारात दहा मिनिटं गप्प बसला तर माझे हात गार पडतात. मी विचारत सुटते, काय झालं, माझं काही चुकलं का. त्याला बिचाऱ्याला कळतच नाही की नक्की काय झालं. थेरपी सुरू केल्यावर मला पहिल्यांदा कळलं की मी त्याच्या गप्प बसण्याला नाही, त्या जुन्या खोलीला घाबरते आहे.

दवबिंदू

कवडसा, वाचून गलबलून आलं. आमच्याकडेही हेच. निरोप्याचं काम माझ्या धाकट्या भावाकडे होतं.

मनोमन

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. कवडसा यांनी जे लिहिलंय ते नेमकं आहे आणि त्याला आधारही आहे. मुलांना मूक रागही राग म्हणूनच कळतो. मोठ्यांनी तोंड फिरवलेलं, एकमेकांकडे न बघणं, भांडी आदळणं, हे सगळं मुलं वाचतात आणि त्यानेही अस्वस्थ होतात.

मूल दोघांच्या मध्ये ओढलं जाणं याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या अनुभवात खरं नुकसान तिथे होतं. कुटुंबोपचाराच्या क्षेत्रातलं मोठं नाव म्हणजे साल्वादोर मिनूचिन. त्यांनी १९७० च्या दशकात याला त्रिकोणाच्या भाषेत मांडलं. दोघांमधला ताण दोघांना पेलत नाही, तेव्हा तिसरा आत ओढला जातो आणि बहुतेक वेळा तो तिसरा म्हणजे मूल असतं. याची रूपं वेगवेगळी दिसतात. एक कवडसा यांनी सांगितलं, निरोप्या. दुसरं, पंच: ‘तूच सांग, कोणाचं बरोबर?’ या प्रश्नाला मुलाकडे सुरक्षित उत्तरच नसतं, कारण काहीही म्हटलं तरी दोघांपैकी एकाशी दगाबाजी होते. तिसरं, हेर: ‘आजीकडे बाबा माझ्याबद्दल काय बोलत होते?’

चौथं रूप सगळ्यात गोड दिसतं, म्हणून सगळ्यात उशिरा लक्षात येतं. आई किंवा वडील आपलं मन मुलाजवळ मोकळं करतात. ‘माझी मुलगी माझी मैत्रीणच आहे, तिला सगळं सांगते मी.’ चौदा वर्षांच्या मुलीला आईच्या लग्नातली सगळी दुःखं माहीत असतात. ती आईचे डोळे पुसते, धाकट्यांचं बघते, स्वतःचं काही मागत नाही. सगळे तिला समजूतदार म्हणतात. तिला प्रिय वाटतं ते, कारण त्या घरात तिच्या वाट्याला आलेलं कौतुक तेवढंच आहे. अशी मुलं माझ्याकडे सोळाव्या वर्षी येत नाहीत. तिशीत येतात. तेव्हा ‘तुला स्वतःला काय हवंय?’ या साध्या प्रश्नावर ती अडतात.

आणि एक उलटं रूप. घरात ताण वाढला की काही मुलं बरोबर त्याच वेळी काहीतरी करून बसतात. शाळेतून तक्रार येते, कोणाशी तरी मारामारी होते, कुठेतरी पडतात. आई-बाबा तेवढ्यापुरते एक होऊन मुलाच्या मागे लागतात. मूल हे ठरवून करत नाही. पण आपल्याला काही झालं की ते दोघं एकमेकांशी बोलतात, हे त्याच्या अंगवळणी पडतं. अशा मुलावर ‘वाया गेलेला’ असा शिक्का मारला की सगळा तपास तिथेच थांबतो.

जॉन ग्रिच आणि फ्रँक फिंचम यांनी १९९० मध्ये मांडलं होतं की मूल भांडणाचा अर्थ लावताना मनाशी काही प्रश्न विचारतं. याने मला धोका आहे का? हे कशामुळे झालं, दोष कोणाचा? मी काही करू शकतो का? भांडण मुलाबद्दल असेल, म्हणजे त्याचे मार्क, त्याची फी, त्याचा मोबाइल, तर दोषाचं बोट तो स्वतःकडे वळवतो आणि त्याला लाज वाटते, हेही त्यांना पुढच्या अभ्यासात आढळलं. तेव्हा मुलासमोर एक विषय पूर्ण टाळायचा असेल तर तो खुद्द मुलाचा.

रानवारा

माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. आमच्यात कडाक्याचे वाद होतात हे मान्य. पण आम्ही पाळलेली एक गोष्ट म्हणजे तो झोपल्याशिवाय काही बोलायचं नाही. दार लावून, हळू आवाजात. याने फरक पडतो की नाही? आणि वर म्हटलंय तसं ‘मिटवणं’ जर बंद दाराआडच झालं तर ते त्याला कसं कळणार?

मनोमन

फरक पडतो, पण समजता तेवढा नाही. मोना एल-शेख यांनी २००६ च्या अभ्यासात शाळकरी मुलांच्या मनगटावर झोप मोजणारं यंत्र बांधलं होतं. ज्या घरांत आई-वडिलांमध्ये संघर्ष जास्त, तिथल्या मुलांची झोप कमी आणि तुटक होती. झोप ही इथली मधली कडी आहे. झोप गेली की लक्ष जातं, चिडचिड वाढते, मार्क जातात. आणि पालक मार्कांवरून पुन्हा भांडतात.

‘झोपलेल्याला काय कळतंय’ याबद्दल एक गोष्ट सांगतो. २०१३ मध्ये ॲलिस ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी सहा ते बारा महिन्यांच्या, गाढ झोपलेल्या बाळांना चिडलेल्या आवाजातली निरर्थक वाक्यं ऐकवली आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. ज्या घरांत पालकांचे खटके जास्त उडत, तिथल्या बाळांच्या मेंदूत ताण आणि भावनांशी संबंधित भागांनी जास्त प्रतिसाद दिला. यावरून तुमच्या मुलाबद्दल थेट निष्कर्ष काढता येत नाही, तो पंधरा वर्षांचा आहे. मला एवढंच म्हणायचंय की बंद दारावर फार भिस्त ठेवू नका.

अर्धविराम

रानवारा, तुमचा दुसरा प्रश्न फार चांगला आहे. दाराआड मिटलेलं भांडण मुलांना कळतं. सकाळी दोघांच्या वागण्यात सैलपणा आला की ती ओळखतात, आणि तसं दिसलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो, हेही अभ्यासांत दिसलंय. पण रात्री आवाज ऐकले गेले असण्याची शक्यता असेल, तर मी पालकांना दुसऱ्या दिवशी मुलाशी बोलायला सांगते. लांबण लावायची नाही. शक्यतो दोघांनी मिळून बोलायचं. साधारण असं:

‘काल रात्री आमचे आवाज चढले होते, तुझ्या कानावर आले असतील. पैशांवरून वाद होता. तो आमच्या दोघांचा प्रश्न आहे, तुझ्यामुळे झालेला नाही आणि तो सोडवायचं काम तुझं नाही. अर्धं ठरलंय, अर्धं रविवारी बसून ठरवणार आहोत.’

एवढंच. यात कोणाचं चुकलं ते नाही. ‘तुझी आई ऐकतच नाही’ हे नाही. आणि खोटं तर अजिबात नाही. मिटलेलं नसेल तर ‘सगळं छान आहे’ म्हणू नका. किशोरवयीन मुलांना ते क्षणात कळतं, आणि मग तुमच्या पुढच्या खऱ्या बोलण्यावरही ती विश्वास ठेवत नाहीत. मुलगा ‘हं’ म्हणून निघून गेला तर जाऊ द्या. त्याने ऐकलेलं असतं.

निळीवही

मी सतरा वर्षांची आहे. इथे सगळे पालक लिहितायत म्हणून लिहू की नको असं वाटत होतं.

माझे आई-बाबा हे वाचणार नाहीत. ते बदलणारही नाहीत. मग मी काय करायचं? भांडण सुरू झालं की मी मध्ये जाते, कारण नाही गेले तर लहान भाऊ रडतो. गेले की दोघं माझ्यावरच ओरडतात. नंतर आई माझ्या खोलीत येऊन रडते. परीक्षा जवळ आली आहे आणि पुस्तक उघडलं की तेच पान तासभर समोर असतं. मैत्रिणींना सांगायची लाज वाटते. कधी कधी बाहेरगावच्या कॉलेजला जावंसं वाटतं आणि मग भावाला सोडून जाणार म्हणून स्वतःचाच राग येतो.

मनोमन

निळीवही, तू लिहिलंस हे फार बरं झालं.

त्यांचं भांडण थांबवणं हे तुझं काम नाही, आणि तू कितीही चांगलं वागलीस तरी ते तुझ्या हातात नाही. हे तू स्वार्थी आहेस म्हणून सांगत नाहीये. तुझ्यावर जे पडलंय ते कुठल्याही सतरा वर्षांच्या मुलीच्या आवाक्यातलं नाही म्हणून सांगतोय.

भांडण सुरू झालं की भावाला घेऊन दुसऱ्या खोलीत जा. मध्ये पडण्यापेक्षा त्याच्यासाठी ते जास्त मोलाचं आहे. त्याला एवढंच सांग की हे त्याच्यामुळे नाही. आई रडत आली तर तिला जवळ घे, पण म्हणू शकतेस, ‘आई, मला तू आवडतेस, बाबाही आवडतात, त्यांच्याबद्दल माझ्याशी नको बोलूस, मावशीशी बोल.’ मावशीच्या जागी जे कोणी असेल ते. पहिल्यांदा म्हणताना जड जाईल, आईला कदाचित वाईटही वाटेल. तरी चालेल.

अभ्यासासाठी घराबाहेरची जागा शोध, वाचनालय, मैत्रिणीचं घर, काहीही. आणि मोठ्या माणसांपैकी एकाला सांग, ज्याच्यावर तुझा विश्वास आहे अशा एका शिक्षकाला किंवा नातेवाइकाला. आई-बाबांची तक्रार म्हणून नाही, ‘मला हे झेपत नाहीये’ म्हणून.

बाहेरगावी शिकायला जाणं म्हणजे भावाला टाकून जाणं नव्हे. त्याला रोज फोन करता येतो.

एक थेट विचारतो: कधी स्वतःला इजा करावीशी वाटते का, जगू नये असं वाटतं का? तसं असेल तर इथे उत्तर देत बसू नकोस. आजच एखाद्या मोठ्या माणसाला सांग, नाहीतर तुझ्या देशातल्या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन कर. असं विचारल्याने मनात तसले विचार येतात असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही, म्हणून पालकांनीही हा प्रश्न विचारायला कचरू नये.

निळीवही

तसं वाटत नाही. पण विचारलंत म्हणून बरं वाटलं. आमच्या भूगोलाच्या बाई आहेत, त्यांना सांगू शकेन.

मृदगंध

मला वेगळा प्रश्न आहे. आम्ही केवळ मुलीसाठी एकत्र राहतोय. ती चौदाची आहे. सगळे म्हणतात, तिची शाळा संपेपर्यंत कळ काढा. वेगळं होणं जास्त वाईट की हे रोजचं?

अर्धविराम

मृदगंध, कोणी परक्याने याचं हो-नाही उत्तर देऊ नये, मीही देणार नाही. पण ‘मुलांसाठी एकत्र राहणं केव्हाही चांगलं’ हे गृहीतक तपासलं गेलेलं आहे, ते सांगते. पॉल अमाटो, लॉरा लूमिस आणि ॲलन बूथ यांनी १९९५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९८० पासून ज्या दांपत्यांची माहिती गोळा होत होती, त्यांची मुलं १९९२ मध्ये मोठी झाल्यावर कशी आहेत ते त्यांनी पाहिलं. जिथे संघर्ष तीव्र होता, तिथे आई-वडील वेगळे झालेली मुलं एकत्र राहिलेल्यांच्या मुलांपेक्षा बऱ्या स्थितीत होती. जिथे संघर्ष फारसा नव्हता, तिथे मात्र घटस्फोटाने मुलांचं नुकसान जास्त झालेलं दिसलं. ते समजण्यासारखं आहे. त्या मुलांच्या दृष्टीने सगळं ठीक चाललेलं असताना अचानक घर मोडलं.

पण वेगळं झाल्यावरही भांडण चालू राहिलं, मूल आठवड्याच्या शेवटी या घरातून त्या घरात जाताना निरोप आणि टोमणे वाहत राहिलं, तर मिळायचा तो दिलासा मिळत नाही. कागदावर लग्न संपतं, मुलीसाठी काहीच संपत नाही.

तुमच्या मुलीला यात मत असणार. तिचं म्हणणं जरूर ऐका. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं बारावं कलम तेच सांगतं की मुलांशी संबंधित बाबींत त्यांचं मत ऐकून घ्यावं आणि वय-समजेनुसार त्याला वजन द्यावं. पण मत ऐकणं वेगळं आणि ‘तू कोणाकडे राहणार?’ म्हणून तिला निवड करायला लावणं वेगळं. निर्णय मोठ्यांनी घ्यायचा आणि त्याची जबाबदारीही मोठ्यांनीच घ्यायची. आणि ‘तुझ्यासाठी आम्ही एकत्र राहिलो’ हे वाक्य तिच्या कानावर कधीही पडू देऊ नका. ते ओझं मुलं आयुष्यभर वाहतात.

ठिणगी

सगळं वाचलं. एक गोष्ट स्पष्टपणे लिहायलाच हवी होती, अजून कोणी लिहिली नाही.

एक जण मारतो आणि दुसरा मार खातो, याला भांडण म्हणू नका. धमक्या, पैसे अडवून ठेवणं, सतत नजर ठेवणं, हेही त्यातच येतं. वर जे ‘दोघांनी बसून मिटवा’, ‘मुलासमोर समेट दिसू द्या’ लिहिलंय, ते अशा घराला लागू नाही. तिथे समेट म्हणजे मार खाणाऱ्याने पुन्हा मान खाली घालणं, आणि मूल तेच शिकतं. माझी आई ‘मुलांसाठी’ थांबली होती. आम्हाला ती तिथून निघालेली हवी होती.

१९९८ मध्ये बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांवरचा जो मोठा अमेरिकन अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आईवर होणारी मारहाण पाहणं हे मुलावरच्या अत्याचाराच्याच यादीत धरलं होतं. मूल नुसतं साक्षीदार असलं तरी. असे अनुभव जितके जास्त, तितकं मोठेपणी नैराश्य, व्यसनं आणि शारीरिक आजारांचं प्रमाणही जास्त, असं त्यात दिसलं.

आणि निळीवहीसारख्या मुलांना: हात उगारला जात असेल तर मध्ये उभं राहू नका. बाहेर पडा आणि मदत बोलवा. मध्ये पडलेली मुलं जखमी होतात.

अर्धविराम

ठिणगी, मनापासून आभार. पूर्ण सहमत. कौटुंबिक हिंसेत दोघांना एकत्र बसवून समुपदेशन करणं धोक्याचंही ठरू शकतं. खोलीत बोललेल्याची किंमत घरी जाऊन मोजावी लागते. तिथे आधी सुरक्षितता, बाकी सगळं नंतर.

जुनाजाणता

ठिणगी यांचं वाचल्यावर नमूद करतो की माझा आधीचा प्रतिसाद अशा मारहाणीच्या घरांबद्दल नव्हता. मतभेद दिसले तर बिघडत नाही हे माझं मत कायम आहे. पण अबोल्याबद्दल कवडसा यांनी लिहिलं ते मला नवीन होतं. आमच्या पिढीत अबोला म्हणजे संयम समजला जायचा.

मुलगा-सून यांच्यात सध्या बरंच ताणलेलं आहे. नात सोळा वर्षांची, आमच्याकडे अधूनमधून राहायला येते. गप्प असते. आजोबा म्हणून मी काय करावं? विचारावं की विचारू नये?

मनोमन

तिच्यासाठी तुम्ही फार महत्त्वाचे आहात. कठीण घरांतून सावरलेल्या मुलांबद्दलच्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: घरात किंवा बाहेर किमान एक स्थिर, भरवशाचं मोठं माणूस होतं.

खोदून विचारू नका. ‘घरी काय चाललंय’ म्हटलं की तिला पुन्हा साक्ष द्यायला उभं केल्यासारखं होतं. ‘तुला हवं तेव्हा इथे येत जा, कारण सांगावं लागणार नाही’ एवढं एकदा सांगा आणि ते पाळा. ती आपण होऊन बोलली तर ऐकून घ्या, मुलाची बाजू मांडू नका, सुनेचीही नको. तिचं जे बोलणं असेल ते तिच्या आई-वडिलांपर्यंत नेऊ नका, तिच्या जिवाला धोका वाटला तर गोष्ट वेगळी. बाकी नेहमीसारखंच राहू द्या, तिच्याबरोबर बुद्धिबळ खेळत असाल तर खेळा. शांत घरात दोन दिवस नीट झोप मिळणं हीसुद्धा या वयात मोठी गोष्ट आहे.

रानवारा

अर्धविराम, एक शेवटचं. मुलगा हल्ली खोलीतून बाहेर येत नाही, खेळ सोडला, मित्रांचे फोन घेत नाही, डोकं दुखतं म्हणून शाळा बुडवतो. महिना होऊन गेला. याला वयाचा भाग म्हणावं का? त्याला तुमच्यासारख्या कोणाकडे पाठवायला मी तयार आहे. बायको म्हणते, प्रश्न त्याचा नाहीच, आपला आहे.

अर्धविराम

वयाचा भाग म्हणून सोडून देऊ नका. या वयात दार लावून बसणं, आई-बाबांशी कमी बोलणं हे असतंच. पण आवडता खेळ सुटला, मित्र सुटले, शाळा बुडायला लागली आणि हे दोन आठवड्यांच्या पुढे गेलं, तर तज्ज्ञाला दाखवायचं. डोकेदुखी खरी असते, ढोंग नसतं, म्हणून डॉक्टरांकडूनही एकदा तपासून घ्या. आणि वर मनोमन यांनी विचारला तो प्रश्न त्याला शांतपणे, थेट विचारा.

बायकोचं म्हणणं मात्र मला पटतं. मुलाला मदत हवीच, पण नुसतं त्याला पाठवलं तर ‘बिघाड माझ्यात आहे’ हे त्याच्या मनात पक्कं होतं. कॅलिफोर्नियातल्या फिलिप आणि कॅरोलिन कोवन या दांपत्याने मुलं शाळेत जायला लागण्याच्या सुमारास पालकांचे गट चालवले. ज्या गटांत पालकांच्या आपसातल्या नात्यावर भर दिला होता, त्यांच्या मुलांच्या वागण्यात त्याचा चांगला परिणाम दहा वर्षांनीही दिसत होता. ब्रिटनमधल्या अर्ली इंटरव्हेन्शन फाउंडेशनच्या २०१६ च्या आढाव्यातही हेच ठळकपणे आलं की नुसतं ‘चांगले पालक व्हा’ शिकवून भागत नाही. दोघांमधला संघर्ष तसाच राहिला तर त्या शिकवण्याचा उपयोग कमी होतो.

म्हणून त्याची वेळ एका समुपदेशकाकडे आणि तुम्हा दोघांची वेळ दुसऱ्याकडे घ्या. एकच माणूस नको, नाहीतर त्याला वाटेल माझं बोलणं आई-बाबांपर्यंत जातंय. एकत्र बसणं आत्ता जमत नसेल तर सुरुवातीला वेगवेगळे जा. तुम्ही जाताय हे मुलाला सांगा, आत काय बोलणं झालं ते सांगू नका, आणि त्याच्या भेटीनंतर गाडीत बसल्या बसल्या ‘काय म्हणाले?’ असं त्याला विचारू नका.